थोरल्या जावेचे पाय

१५ जानेवारी

तोमिए,

पत्राच्या सुरुवातीला थंडीची, बर्फाची विचारपूस करायची असते. ती मी करणार नाही. तुझ्या अंगणात किती बर्फ साचलाय याच्याशी मला काही देणंघेणं नाही आणि माझ्या अंगणातला कोण काढतंय हे मी तुला विचारणार नाही.

१९ डिसेंबरला मला ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते तेव्हा तू एक वाक्य बोललीस. तुला वाटलं असेल, म्हातारी वेदनेनं कळवळतेय, तिला काय ऐकू येणार! मला स्वच्छ ऐकू आलं. "आता तुम्हीही पडूनच राहणार, जाऊबाई. सासूबाईंसारख्या." सासूबाईंच्या अंत्यविधीनंतर चौदा वर्षांनी तू माझ्याशी बोललीस ते हे. त्याचं उत्तर द्यायला मी लिहायला बसले आहे.

छपराखालचा बर्फ खोऱ्यानं ओढताना मी घसरले, तू बघितलंस, तू फोन केलास. ठीक आहे. गावातल्या कुणीही केला असता. सकाळी सात वाजता तू माझ्या फाटकापाशी काय करत होतीस हेही मी विचारणार नाही. आभाराची वाट बघू नकोस.

मांडीचं हाड वरच्या टोकाशी मोडलं. तिथे धातूचा गोळा बसवला. त्यानंतर न्यूमोनिया झाला आणि सतरा दिवस मी अंथरुणात होते. १२ तारखेपासून या दुसऱ्या इस्पितळात आहे. इथे औषधपाणी कमी आणि कवायत जास्त. नव्वद दिवस ठेवतात. म्हणजे ११ एप्रिलला मी इथून निघणार, एक तर स्वतःच्या पायांनी माझ्या घरी, नाहीतर हिदेआकी नागोयाला नेईल तिथे. त्यानं म्हाताऱ्यांच्या इमारतीत एक खोली बघूनही ठेवली आहे. गुणाचा मुलगा! आईची भूल अजून नीट उतरली नव्हती तेव्हाच त्यानं खिडकी दक्षिणेला आहे म्हणून सांगितलं.

माझी कवायत घेणारी बाई कुवाबारा नावाची आहे. पन्नाशीची, ठेंगणी, कमरेवर हात ठेवून बोलते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जुळवून पोटरीभोवती कडं करा बघू."

"मी तुमची आजी नव्हे," मी म्हटलं.

"बरं, मिसाओबाई. करा."

मी कडं केलं. पोटरी त्यात सैल. कडं आणि पोटरी यांच्यामध्ये जेवणाची काडी सहज गेली असती. याच पायांवर मी तीस किलोच्या भाताच्या गोण्या गुदामात नेलेल्या आहेत, तूही बघितलंयस. मी चादर ओढून घेतली. कुवाबारा म्हणाली की निरोगी माणसाची बोटं टेकतसुद्धा नाहीत. मग तिनं खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठायला सांगितलं. मी एकदाही उठले नाही. नाही, उठता आलं नाही. हे तुला लिहितेय कारण तुला दुसरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

इथे प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतात, घरी गेल्यावर काय करायची इच्छा आहे म्हणून. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी 'नातवाला कडेवर घ्यायचंय' असं सांगितलं आणि सगळ्यांचे डोळे पाणावले. मी सांगितलं, "धाकट्या जावेच्या दारावरून चालत जायचंय. काठी न घेता. ती दारात उभी असताना."

कुवाबारा हसली नाही. "किती लांब आहे?" तिनं विचारलं.

"सहा घरं."

"चढ?"

"थोडासा. आणि रस्ता ओलांडायला एक दगडी पूल."

तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. तेव्हा तयारीत राहा.

मिसाओ


३ फेब्रुवारी

तोमिए,

तुझं पार्सल मिळालं. सुकी मासळी, भाजलेले सोयाबीन आणि चिठ्ठीवर दोन शब्द, 'चावून खा.' मी ते तसंच उचलून शेजारच्या खाटेवरच्या बाईंना देऊन टाकलं. पुन्हा पाठवू नकोस.

आज सेत्सुबुनचा सण. इथे एका सेवकाला लाल मुखवटा घालून राक्षस केला होता आणि आम्ही सगळ्यांनी चाकाच्या खुर्च्यांवर बसून 'राक्षस बाहेर, सुख आत' म्हणत त्याच्यावर भाजलेल्या सोयाबीनचे दाणे फेकले. मी नेम धरून नाकावर मारले. "खांद्यात जोर आलाय," कुवाबारा म्हणाली. वयाइतके दाणे मोजून खायचे असतात, पण ठसका लागेल म्हणून इथे खायला देत नाहीत, मुळमुळीत खिरीवर भागवतात. मी अठ्ठ्याहत्तर खाल्ले. दात माझे अजून माझेच आहेत.

दिवसाला तीन तास कवायत. वीस-वीस मिनिटांचे तुकडे करतात. आधी दोन दांड्यांच्या मधून चालणं, मग पायाला वाळूची पिशवी बांधून तो उचलणं, मग स्वयंपाकघरातल्यासारख्या ओट्याशी उभं राहणं. त्यानंतर लगेच दुधासारखं काहीतरी पाजतात, स्नायू वाढावेत म्हणून. चव भिंतीच्या रंगासारखी. मी एक थेंबही ठेवत नाही. जेवणात अंडं, टोफू, मासा. तांदूळ आपल्याकडचा नाही, ते पहिल्या घासाला कळलं.

मला या लोकांचा एका गोष्टीसाठी भयंकर राग येतो. खाटेजवळ जमिनीवर त्यांनी एक चटई टाकली आहे. तिच्यावर पाय टेकला की परिचारिकांच्या टेबलावर घंटा वाजते आणि एक पोरगी धावत येते, "मिसाओबाई, एकट्या उठू नका हं!" मी काय चोर आहे? माझ्याच पायांनी जमिनीला शिवायची मला बंदी! काल मी कुवाबाराला म्हटलं, "तुम्ही तीन तास मला उठायला शिकवता आणि उरलेले एकवीस तास उठू नका म्हणता. तुमचं आधी काय ते एकदा ठरवा."

तिला ते पटलं. चटई पुढच्या आठवड्यात काढायची असं तिनं लिहून दिलं. मग माझ्या पायाला पिशवी बांधता बांधता म्हणाली, "तुमचे पाय मोडलेल्या हाडानं गेले नाहीत. त्या सतरा दिवसांनी नेले. म्हातारपणी अंथरुणातला एक दिवस भरून काढायला कितीतरी दिवस लागतात."

मी म्हटलं, "वय झालं की पाय जातातच. माझ्या सासूबाईंचेही गेले होते."

"त्या कधी अंथरुणाला खिळल्या?"

"सत्त्याहत्तराव्या वर्षी. ताप आला होता."

"म्हणजे आज तुम्ही आहात त्यापेक्षा एका वर्षानं लहान," ती म्हणाली आणि दुसरी पिशवी बांधायला लागली.

उचलली जीभ लावली टाळ्याला. सासूबाईंचं मी अकरा वर्षं काय काय केलं ते तिला सांगितलं नाही. अशा बाईला काय सांगणार?

मिसाओ


२० फेब्रुवारी

तोमिए,

आता कान देऊन ऐक आणि गावात ज्याला सांगायचं त्याला सांग. पाच वेळा उठून बसणं मला पहिल्यांदा जमलं तेव्हा एकतीस सेकंद लागले होते. आता सतरा. कुवाबाराला बारा हवे आहेत. पोटरीभोवतीच्या कड्यात काडी जात नाही.

आज नगरपालिकेचा माणूस आला होता. घरी गेल्यावर सरकारी मदत किती द्यायची ते ठरवायला तो माणसाला तपासतो, प्रश्न विचारतो. मी सकाळी केस विंचरून घेतले, शेजारच्या बाईंची लिपस्टिक लावली आणि हिदेआकीनं आणलेला जांभळा स्वेटर घातला. परका माणूस आपल्याला बघायला येणार, तर गबाळं राहून कसं चालेल?

त्यानं विचारलं, "एकटीनं उठता येतं का?" मी हात न टेकता उठले. "एका पायावर?" मी आठ सेकंद उभी राहिले. मागे कुवाबारा खोकायला लागली, एकसारखी खोकत राहिली, मला वाटलं तिला सर्दी झाली असेल. "अंघोळ?" स्वतः करते. "स्वयंपाक?" हसत हसत करीन. "पैशांचे व्यवहार?" गावातल्या महिला मंडळाचा हिशेब नऊ वर्षं मी बघितला, असं सांगितलं. आजची तारीख, पंतप्रधानाचं नाव, शंभरातून सात वजा करत जाणं, सगळं चोख. जाताना तो वाकून म्हणाला, "असा ताठ माणूस आमच्या यादीत क्वचितच मिळतो."

मी त्याला हेही सांगितलं की मला गावाचं आदर्श सुनेचं प्रशस्तिपत्र मिळालेलं आहे, सासूची अखंड सेवा केल्याबद्दल. गावप्रमुखांच्या हस्ते, ज्येष्ठांच्या सणाला, सगळ्या गावासमोर. तू त्या दिवशी नव्हतीस. पण सासूबाईंच्या अंत्यविधीला होतीस. चाळीस माणसांसमोर उठून म्हणालीस, "ते प्रशस्तिपत्र भिंतीवरून काढा आणि शवपेटीत घाला त्यांच्याबरोबर. त्यांच्या पायांची किंमत आहे ती." माझा नवरा तिथे बसलेला, भटजी बसलेले, हिदेआकी बसलेला. त्या वाक्यासाठी मी तुला या जन्मात माफ करणार नाही. अकरा वर्षं, तोमिए! रोज तीन वेळा भात मऊ करून भरवला, पाठीला एक जखम होऊ दिली नाही, डॉक्टर येऊन म्हणायचे की अशी पाठ त्यांनी जिल्ह्यात बघितली नाही. तू काय केलंस? नव्या वर्षाला मिठाईचा डबा.

मिसाओ


१२ मार्च

तोमिए,

तुझं कार्ड मिळालं. 'मूर्खपणा केलात. त्याच्यासमोर पडायचं असतं.' धाकट्या जावेनं थोरलीला असं उघड्या कार्डावर लिहायचं, जे टपालवाल्यापासून परिचारिकेपर्यंत सगळे वाचणार! आणि राग याचा की तू खरं लिहिलंस.

निकाल आला. मदतीच्या सात पायऱ्या असतात, मला सर्वांत खालची मिळाली. जितकं जमतं तितकी मदत कमी. त्या तपासणीसाला मी जे दाखवलं ते मला दिवसातून एकदा जमतं, सकाळी, झोप झालेली असताना आणि कुणी बघत असताना. संध्याकाळी चारनंतर माझी मांडी थरथरते आणि पायजमा घालायला दहा मिनिटं लागतात. ते मी सांगितलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कुवाबाराचं खोकणं सर्दीचं नव्हतं. ती म्हणाली, "या भागातली प्रत्येक म्हातारी असंच करते. पाहुणा आला की ताठ. मी कित्येक वर्षं खोकतेय, एकीलाही कळलं नाही."

आता आठवड्यातून एकदा कुणीतरी तासभर येईल, बस. पहिले दोन महिने सकाळ-संध्याकाळ कुणीतरी असल्याशिवाय इस्पितळ मला एकटीला घरी सोडायला तयार नाही. आमचं घर तुला माहीत आहे. दारातली पायरी गुडघ्याएवढी, न्हाणीघर मागच्या बाजूला, जिना शिडीसारखा उभा. हिदेआकीनं लगेच नागोयातली खोली पक्की करायला घेतली.

तो शनिवारी आला होता. दोन तास बसला. मी पाणी घ्यायला हात पुढे केला की त्यानं ग्लास माझ्या हातात दिला. उठायला लागले की, "आई, तू बस ना, मी आहे ना." चप्पल घालायला वाकले तर गुडघ्यावर बसून त्यानंच घातली. संत्र्याच्या फोडींवरचे धागेसुद्धा काढून दिले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती भाग्यवान आहात!"

कुवाबारा दारात उभी राहून बघत होती. ती आत आली आणि त्याला म्हणाली, "तुम्ही आठवडाभर इथे राहिलात तर माझं दोन महिन्यांचं काम वाया जाईल."

हिदेआकीचा चेहरा पडला. "माझी आई आहे ती," तो म्हणाला. "मी तिची सेवा करू नको?"

"सेवाच करताय तुम्ही. मला तेच दिसतंय."

तो बिचारा संत्र्याचं साल हातात घेऊन बसून राहिला. मला त्याची कीव यायला हवी होती. पण माझ्या डोळ्यांपुढे तो नव्हताच. त्याचा तो सूर, 'मी आहे ना', मी ओळखला. तो माझा आहे. हिदेआकी तो माझ्याकडून शिकला, सासूबाईंच्या मागच्या खोलीच्या दारात उभा राहून, पार सव्वीस वर्षांपूर्वीपासून.

त्यानंतर तीन दिवस मी कवायतीला गेले नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. आज गेले. पाच वेळा उठायला वीस सेकंद लागले. तीन दिवसांत तीन सेकंद गेले, तोमिए.

मिसाओ


२१ मार्च

तोमिए,

आज दिवसरात्र सारखे, घरच्यांच्या कबरीवर जायचा दिवस. तू सकाळीच कबरीवर जाऊन आली असशील, फुलं वाहिली असशील, आणि सासूबाईंना सांगितलं असशील की थोरली आली नाही. सांग खुशाल.

मी आता जे लिहिणार आहे ते एकदाच लिहीन. त्यावर मला प्रश्न विचारायचे नाहीत.

सासूबाईंना तेव्हा एप्रिलमध्ये ताप आला होता हे खरं. तीन आठवड्यांनी तो उतरला हेही खरं. मे महिन्यात त्या उठल्या होत्या. तुला हे माहीत नाही, कारण तू तेव्हा माहेरी होतीस. चपला घालून त्या पाणी सोडलेली खाचरं बघायला बांधावर गेल्या आणि पाटात पडल्या. खरचटलंही नाही. चिखलानं माखलेल्या त्यांना शेजाऱ्यांनी घरी आणलं आणि माझे यजमान कानेओ त्यांच्या देखत मला म्हणाले, "थोरल्याची बायको घरात असून आई पाटात?" तुझ्या नवऱ्यानं तुला असं कधी विचारलं नसेल. धाकट्याच्या बायकोला कोण विचारतं?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या चपला तांदळाच्या कोठीत, तांदळाखाली घातल्या.

लावणी चालू होती. दर दोन तासांनी शेतातून घरी यायला जमेना. मी त्यांना लंगोट बांधले. त्या स्वतः संडासला जाऊ शकत होत्या. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. भिंत धरून धरून, हळूहळू, पण जाऊ शकत होत्या.

रोज सकाळी त्या विचारायच्या, "मिसाओ, माझ्या चपला कुठं आहेत गं?"

"कशाला हव्यात? मी आहे ना," मी म्हणायचे.

लावणी संपेपर्यंत विचारत होत्या. मग थांबल्या. मला वाटलं, आता त्यांचं मन शांत झालं. खरंच वाटलं. मी त्यांच्यावर चिडून काही केलं नाही, मला त्यांची माया होती, आणि तेच मला आता गिळवत नाही. लावणी संपल्यावर लंगोट सोडायला हवे होते. मी सोडले नाहीत. सवय झाली होती, त्यांना की मला ते विचारू नकोस. त्या वर्षीच्या भातकापणीला त्यांना बसवलं तर एका बाजूला कलायला लागल्या. चौथ्या वर्षी प्रशस्तिपत्र आलं.

तिसऱ्या वर्षीचा ओबोनचा सण आठवतो का तुला? तू आलीस आणि त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढून काढलंस. "उठा, पुरे झालं सोंग. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला आळशी म्हणाला होतात ना? आता आळशी कोण?" त्या लालबुंद झाल्या. तुला 'दळभद्री' म्हणाल्या, 'कुळाला लागलेली कीड' म्हणाल्या, आणि शिव्या देत देत तुझे खांदे धरून उभ्या राहिल्या. पाय काडीसारखे झालेले, लटलटत होते, पण त्या उभ्या होत्या. मी किंचाळले, "मारायचंय का तुला त्यांना?" त्यांना खाली झोपवलं, तुला ढकलत बाहेर काढलं आणि नको असलेल्या पाहुण्याच्या मागे फेकतात तसं तुझ्या मागे मीठ फेकलं. त्या संध्याकाळी सासूबाईंनी दोनदा भात मागून घेतला. तुझ्या नावानं बोटं मोडत जेवल्या. हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

आता तू म्हणशील, बघा, मी बरोबर होते. होतीस. पण एवढ्यावर तुझी सुटका नाही. तुला दिसत होतं. सगळ्या गावात तुला एकटीला दिसत होतं, आणि मीठ अंगावर पडलं म्हणून तू आठ वर्षं फिरकली नाहीस. रोज येऊन माझ्याशी भांडली असतीस, पांघरूण ओढलं असतंस, मी रोज मीठ फेकलं असतं, तरी त्या कदाचित चालल्या असत्या. तू वाट बघत राहिलीस आणि त्या मेल्यावर चाळीस माणसांत बोललीस. मेलेल्या पायांचा कैवार घेणं सोपं असतं. माझी चूक माझी. तुझीही तू घे, मी तुझ्या वाटणीची उचलणार नाही.

मिसाओ


२९ मार्च

तोमिए,

आठ दिवस झाले, तुझं उत्तर नाही. बरं झालं. 'झालं गेलं विसरून जा' असलं काही लिहिलं असतंस तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

पाच वेळा उठायला आता तेरा सेकंद. काल कुवाबारानं मला इस्पितळामागच्या रस्त्यावर नेलं. सहा घरांएवढं अंतर तिनं मोजून ठेवलं होतं. काठीशिवाय गेले आणि काठी घेऊन परत आले. संध्याकाळी मांडी थरथरली, ते या वेळी मी स्वतःहून सांगितलं. माझी तपासणी पुन्हा व्हावी म्हणून तिनं अर्ज केला आहे, पण त्याला महिना-दीड महिना लागेल, आणि ११ एप्रिलला तेरा दिवस उरलेत. परवा हिदेआकी नागोयातल्या त्या खोलीवर सही करणार आहे. तिथे जेवण खोलीत आणून देतात, अंघोळ घालतात, पडदेसुद्धा तेच सरकवतात. मी तिथे कशी आणि किती लवकर संपेन ते मला पक्कं माहीत आहे. मी एका बाईला तसं संपवलेलं आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. सकाळ-संध्याकाळ यायला मला कुणीतरी हवं आहे. दोन महिने.

पलीकडच्या घरातल्या यामागुचीच्या सुनेनं आपणहून निरोप धाडला होता, "आजींना अगदी तळहातावर ठेवीन." गोड मुलगी आहे. आठवड्याभरात माझ्या हातातली किटली काढून घेईल, पंधरवड्यात माझ्या अंथरुणा-पांघरुणांच्या घड्या करेल, आणि सगळं गाव तिची स्तुती करेल. मी तिला नको म्हणून कळवलं. हिदेआकीलाही कळवलं की परवा सही करू नकोस, गुरुवारपर्यंत थांब. तो फोनवर रडला. आई मला परकं समजते म्हणाला. मी त्याची समजूत घातली नाही.

गुरुवारी, ३ तारखेला, दोन वाजता इथे घरच्या माणसाला शिकवणी असते. मी कुवाबाराला विचारलं, "धरायचं कसं ते शिकवता का?"

"नाही," ती म्हणाली. "धरायचं नाही कसं, ते शिकवते. लोकांना तेच जास्त कठीण जातं."

मग फॉर्म काढून तिनं विचारलं, "येणाऱ्या व्यक्तीचं नातं?"

"धाकटी जाऊ."

"जिच्या दारावरून चालत जायचंय, तीच?"

"तीच."

"पटतं का तुमचं?"

"पन्नास वर्षांत एक दिवसही नाही," मी म्हटलं. तिनं पेन ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बोलवा त्यांना."

तेव्हा ऐक. सकाळी सातला यायचं, संध्याकाळी चारला यायचं. हातात काही आणायचं नाही, शिजवलेलं तर मुळीच नाही. मी पाणी मागितलं तर ओटा कुठे आहे ते सांगायचं. मी पडले तर धावायचं नाही, हाड मोडलंय का तेवढं बघायचं आणि नसलं मोडलं तर उभं राहायचं, मी उठेपर्यंत. दमले म्हणाले तर खोटारडी म्हणायचं. चार वाजता मी खरंच दमलेली असते, तेव्हाही म्हणायचं. मी तुला वाटेल ते बोलीन. सासूबाई बोलल्या होत्या त्याहून वाईट बोलीन, मला जास्त शब्द येतात. तू रागावून आठ वर्षं गायब व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी सातला दारात हजर असायचं.

तुला हे करायचं काही कारण नाही, मला ठाऊक आहे. मी तुझी माफी मागितलेली नाही आणि तू माझी मागावीस असं मला वाटत नाही. पण गावात माझे लाड न करता माझ्याकडे बघू शकेल असं दुसरं कुणी उरलेलं नाही. सासूबाईंवर माया करणारं माणूस घरात होतं, म्हणून त्या अकरा वर्षं पडून राहिल्या. मला ते परवडणार नाही.

गुरुवारी, दोन वाजता. दुसरा मजला. लिफ्टनं येऊ नकोस, तुझेही गुडघे काही फार बरे दिसत नव्हते.

मिसाओ